परत पाठवणारे काका

आमच्या बडोद्याच्या ऑफिसात त्यांना सगळे काकाच म्हणायचे. गुजराती पोरं म्हणायची, आम्ही मराठी म्हणायचो, खालचा वॉचमन म्हणायचा आणि मोठे साहेबसुद्धा म्हणायचे. त्यामुळे त्यांचं नाव इथे लिहून काही उपयोग नाही, आणि ते लिहायचा मला हक्कही राहिलेला नाही. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर मधलं वाचताना तुम्हाला हसू येईल, आणि शेवटी हे कळलं की तुम्ही म्हणाल, बाईनं फसवलं.

दिसायला काही विशेष नव्हते. काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. एक निळं, एक लाल. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला लाल पेन कशाला लागतं ते मला कधी कळलं नाही. नागरवाड्यातून स्कूटरवर मकरपुऱ्याला यायचे, बरोबर साडेनऊला. आल्यावर हेल्मेट टेबलावर उलटं ठेवायचे आणि त्यात किल्ल्या, रुमाल, चष्म्याची डबी, खोकल्याच्या गोळ्या. कंपनीनं दिलेला ड्रॉवर कधी उघडला नाही त्यांनी. म्हणायचे, "ड्रॉवरमध्ये टाकलेली वस्तू माणूस विसरतो."

आमची कंपनी औषधांच्या घाऊक पुरवठ्याची. बडोद्यापासून पार आदिवासी पट्ट्यापर्यंतच्या औषधांच्या दुकानांना माल आमच्या गोदामातून जातो. कुठल्या दुकानानं काय घेतलं, काय पडून राहिलं, कुठे काय कमी पडतंय, याचे आकडे काढून द्यायचं काम आमच्या सहा जणांच्या डेटा टीमचं. ज्याला आकडा हवा त्यानं कॉम्प्युटरवरच्या बोर्डवर मागणी टाकायची. दर दोन आठवड्यांनी आम्ही बसायचो आणि पुढच्या दोन आठवड्यांत कुठल्या मागण्या घ्यायच्या ते ठरवायचो. सगळीकडे अशाच टीमा चालतात. आमच्याकडे फरक एवढाच, की 'आलेल्या' आणि 'घेतलेल्या' या दोन रकान्यांच्या मधे काकांनी एक तिसरा रकाना घुसवला होता. त्याचं नाव 'तयार'. मागणी तयार आहे असं काकांनी बघून टिक केल्याशिवाय तिला आमच्यातला कुणी हात लावायचा नाही.

आणि काका टिक करायचे नाहीत!

सेल्सचा कुणीतरी धापा टाकत यायचा. "काका, एक नानुं काम छे. पांच मिनिटनुं." काकांचा उजवा तळहात वर. ट्रॅफिक पोलीस परवडला, त्याला निदान शिट्टी वाजवावी लागते.

"कोने जोईए छे?" म्हणजे, कुणाला हवंय?

"सेल्सने, काका."

"सेल्स तो कोई माणस नथी. नाम बोल."

तो नाव सांगायचा. मग काका मराठीवर यायचे, समोरचा गुजराती असला तरी. राग यायला लागला की ते मराठी बोलायचे. "बरं. आकडा मिळाला. मग ते काय करणार?" इथे शंभरातले नव्वद गार व्हायचे, कारण आकडा मिळाल्यावर काय करायचं याचा विचार कुणीच केलेला नसायचा. आकडा हवा म्हणजे हवा. त्यातूनही कुणी टिकला, तर पुढचा प्रश्न यायचा, "आणि आकडा उलटा निघाला तर?" म्हणजे तुम्हाला वाटतंय विक्री वाढली आणि निघाली घटलेली, तर तुम्ही काही वेगळं करणार का? नसाल करणार, तर आकडा कशाला मागता? शिवाय हा आकडा कुठल्या माहितीतून काढायचा, ती माहिती आज आपल्याकडे आहे का, आणि काम झालं हे कशावरून म्हणायचं. पाच प्रश्न. काकांनी ते साध्या कागदावर लिहून खांबाला चिकटवले होते. खाली लाल पेनानं एक ओळ : 'माहितीसाठी' हे उत्तर धरलं जाणार नाही.

एकदा बंगळूरहून एक ट्रेनर आला. दोन दिवस आम्हाला रंगीत चिठ्ठ्या भिंतीला लावायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला, की जगातल्या चांगल्या टीमा काम हातात घेण्याआधी ते तयार आहे का हे ठरवून घेतात, आणि त्याला 'डेफिनिशन ऑफ रेडी' म्हणतात. आम्ही सगळे वळून काकांकडे बघायला लागलो. काकांचे कान लाल झाले होते. चहाच्या सुट्टीत त्यांनी ट्रेनरला गाठून विचारलं, "हे नाव कुणी ठेवलं?" तो म्हणाला, असं काही नक्की सांगता येणार नाही. काका मला म्हणाले, "नाव नव्हतं तोवर लोक पाळत होते गं. आता पोस्टर होणार." आणि तसंच झालं. महिन्याभरात गुळगुळीत कागदाचं चौरंगी पोस्टर आलं, काकांच्या कागदावरच चिकटवलं गेलं. काकांनी दुसऱ्या दिवशी आपला कागद पुन्हा लिहून पलीकडच्या खांबाला लावला.

ही सवय त्यांना स्टोअरमध्ये लागलेली. मकरपुऱ्यातल्याच एका कारखान्यात ते वीसेक वर्षं स्टोअरकीपर होते. फिटर बेअरिंग मागायला आला की कुठल्या मशीनला, जुनं कुठे आहे, नाही बसलं तर परत कधी आणशील, हे लिहून दिल्याशिवाय जाळीच्या खिडकीतून वस्तू बाहेर जायची नाही. कारखाना बंद पडला तेव्हा काका पंचेचाळिशीचे होते. दोन वर्षं घरी होते. मग रावपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून त्यांनी डेटाबेस शिकला. तिथले सर म्हणे त्यांना घाबरायचे. सर काही शिकवायला लागले की काका विचारायचे, हे कुणाला लागतं?

मी इथे नोकरीला लागले तेव्हा चार वर्षांचा अनुभव घेऊन आलेली, तोऱ्यात. माझ्या वाट्याला पहिलीच मागणी आली ती गोत्रीकडच्या दुकानांच्या विक्रीची. मागणाऱ्याच्या वतीनं त्या पाच प्रश्नांचा फॉर्म मीच भरला आणि टिकसाठी पाठवला. परत. शेरा : "तयार नाही. प्रश्न तीन." मी प्रश्न तीनचं उत्तर लिहिलं. परत. "तयार नाही. प्रश्न तीन." असं नऊ वेळा. नवव्यांदा मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हाला काम करायचंच नाहीये, काका. सरळ सांगा ना!"

काकांनी हेल्मेटमधून एक खोकल्याची गोळी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाले, "बैस. काम मलाच करायचंय, म्हणून तर विचारतोय. जे उत्तर कुणाला नकोय ते काढण्यात तुझे चार दिवस जातील. तुझे चार दिवस गं, माझे नाहीत. ते काय कंपनी परत देणार आहे?" मला वाटलं होतं बोलणी खावी लागतील. माझ्या दिवसांची काळजी त्या ऑफिसात तोवर कुणी केली नव्हती, घरीही फारशी नव्हती. मी ती गोळी खाल्ली. मागणाऱ्याला जाऊन विचारलं, तर त्याला दुकानांची विक्री नकोच होती. त्याला त्या बाजूला नवा माणूस नेमायचा की नाही एवढंच ठरवायचं होतं, आणि ते अर्ध्या तासात सांगता आलं.

त्यानंतर मी त्यांची झाले. चार वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून हे प्रश्न शिकले. लोक मला छोटी काकी म्हणायला लागले. म्हणू देत, मला आवडायचं.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा नुसता खडूस होता. एकदा वरून मागणी आली, की गेले तीन महिने ज्या दुकानांनी माल घेतला नाही अशा बंद दुकानांची यादी द्या. घाईची. काकांनी परत पाठवली. बंद म्हणजे काय, ते लिहा. लिहिलं, तीन महिने ऑर्डर नाही ते बंद. पुन्हा परत. यादीचं काय करणार? गाडीच्या फेरीतून ती दुकानं काढणार. मग प्रश्न तीन : यातलं एखादं दुकान चालू निघालं तर? याचं उत्तर कुणी देईना. तीन आठवडे काका सगळ्यांची बोलणी ऐकून घेत होते. मोठ्या साहेबांनी तर सगळ्यांदेखत विचारलं, "काका, कंपनी तुम्ही चालवता का मी?" काका म्हणाले, "गाडी तुम्ही चालवता. मी फक्त कुणाच्या दारावरून जाणार ते विचारतोय." शेवटी कंटाळून साहेबांनी एका पोराला गावं फिरायला पाठवलं. तर त्यातली कितीतरी दुकानं व्यवस्थित चालू होती. रेंज नसायची, म्हणून ते लोक तालुक्यातल्या मोठ्या दुकानाच्या नावावर ऑर्डर टाकायचे आणि आमची गाडी आली की आपला माल उतरवून घ्यायचे. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, टीबीच्या गोळ्या, सगळं त्या गाडीतून. यादी निघाली असती तर गाडी गेली नसती, आणि का गेली नाही हे आम्हाला इथे एसीत बसून कळलंही नसतं.

काकांचे आभार कुणी मानले नाहीत. उशीर झाला, एवढंच मीटिंगच्या मिनिट्समध्ये आलं.

गणपतीत मी त्यांच्या घरी जायचे. दुसऱ्या मजल्यावरचा लहानसा ब्लॉक, पुढच्या खोलीत झोपाळा. काकू बोलक्या, बडोद्याचं मराठी अगदी अस्सल, "चालो, बस ने जरा, पोरी, काय नाष्टा देऊ" असं. त्यांनीच सांगितलं, "हे मला बघायला आले ना, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मला एकटीला विचारलंन, 'मी तुम्हाला पसंत नसलो तर ते तुम्ही कुणाला सांगाल?' मी चाटच पडले बाई! मला नाही म्हणता येईल, हे कुणाच्या डोक्यात तरी आलं होतं. म्हणून तर मी हो म्हटलं." काका झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "प्रश्न तीन."

मग मी कपबशा घेऊन आत गेले तेव्हा काकू नळाखाली हात धरून हळूच बोलायला लागल्या. कारखाना बंद झाल्यानंतरच्या दोन वर्षांविषयी. "तू म्हणतेस ना गं, काका प्रश्न विचारून छळतात. छळू देत. त्या दोन वर्षांत ह्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. भाजी काय आणू, तर आण काहीही. दाढी नाही, बाहेर जाणं नाही. पायरी उतरायला तयार नसायचे. मला वाटलं गेले आता हे. आता दोन वर्षांनी रिटायर होतील, हार घालून घेऊन येतील लोक, त्याचं काही नाही. पण कुणी मधेच घरी बसवलं ना, तर हा माणूस परत उठायचा नाही. एकदा उठले, पुन्हा नाही उठणार." मी म्हटलं, "काकू, असं कोण बसवतंय त्यांना?" मी म्हटलं हे. माझ्याच तोंडानं.

पुढच्या उन्हाळ्यात मोठे साहेब गेले आणि अहमदाबादहून नवे साहेब आले. चाळिशीच्या आतले, उभ्यानं काम करायचे, सगळ्यांना नावानं हाक मारायचे. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण त्यांना वेग हवा होता. दोन आठवड्यांत किती मागण्या पुऱ्या झाल्या याचा आकडा ते फळ्यावर लिहायचे, आणि तो दर वेळी आधीपेक्षा मोठा हवा. काकांनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, "पुऱ्या झालेल्यांतल्या उपयोगी पडल्या किती?" साहेब हसले. "अच्छा सवाल है, काका." आणि आकडा लिहून मोकळे.

एक दिवस साहेबांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. बडोद्याच्या टीमसाठी एक लीड, म्हणजे टीमप्रमुख, नेमायचा विचार आहे, असं आडून आडून सांगितलं. मग म्हणाले, एक रिपोर्ट हवाय. वर्षभरात किती मागण्या आल्या, किती परत गेल्या, आणि कुणी परत पाठवल्या. "बस, जानकारी के लिए."

मला पाचही प्रश्न झोपेतून उठवलं तरी पाठ होते. त्या काचेच्या केबिनमध्ये मला फक्त एक विचारायचं होतं, साहेब, याचं तुम्ही काय करणार? तोंडच उघडलं नाही. लीड हा शब्द कानात बसला होता. तरसालीहून दोन रिक्षा बदलून येणाऱ्या बाईला असा शब्द रोज ऐकायला मिळत नाही. घाबरलेही होते, आणि हावरटही झाले होते. दोन्ही. नुसतं घाबरले होते असं सांगितलं तर ते खोटं होईल.

जागेवर येऊन फॉर्म भरला. कुणाला हवंय : साहेबांचं नाव. काय करणार : माहितीसाठी. उलटं निघालं तर : लागू नाही.

लागू नाही! चार वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून शिकलेली मी, आणि मी हे लिहिलं.

फॉर्म टिकसाठी काकांकडे गेला. आता खरं सांगते. मला तो परत यायला हवा होता. काकांनी नेहमीसारखा परत पाठवावा, म्हणजे मी साहेबांकडे जाऊन सांगीन, काका सोडत नाहीत, माझा इलाज नाही. वाईटपणा त्यांच्यावर, आणि रिपोर्टही नाही. मी वाट बघत बसले. ते दोन हात अंतरावर बसले होते, चष्मा पुसत. वीस मिनिटांत बोर्डवर हिरवी टिक आली.

मी चक्रावलेच. मग मनाची समजूत घातली. काकांनी वाचलंय, त्यांना कळलंय, आणि तरी सोडलंय. त्यांना खात्री असेल, की आकडा त्यांच्याच बाजूनं बोलेल. त्यांचं त्यांना कळत नाही का? दीड दिवसात मी रिपोर्ट काढून दिला.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तो भिंतीवर लावला. आलेखात सहा काड्या. काका रजेवर असताना आम्ही परत पाठवलेल्यांच्या पाच बुटक्या, आणि एक उंच. नावं नव्हती, पण सहा जणांत नावं कशाला लागतात? काकांनी चष्मा काढला, परत घातला. "साहेब, परत पाठवलेल्यांतल्या किती जणांनी पुन्हा मागितलं, ते ह्यात आहे?"

"वो तो अलग रिपोर्ट हुआ ना, काका."

बहुतेकांनी पुन्हा मागितलंच नव्हतं, कारण त्यांना ते नकोच होतं. हे मला माहीत होतं. माझ्यासमोर लॅपटॉपवर होतं, दोन मिनिटांचं काम. मी मान खाली घालून टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका नखानं खरवडत बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

महिन्याभरानं टीमची पुनर्रचना झाली. पुनर्रचना म्हणजे काकांना पत्र. रिटायर व्हायला सव्वा वर्ष होतं. शेवटच्या दिवशी केक आणला होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, शुभेच्छा. काकांनी तो मुकाट्यानं कापला, सगळ्यांना भरवला, मलाही भरवला. हेल्मेटमधल्या वस्तू पिशवीत भरल्या आणि हेल्मेट डोक्यात घालून निघाले. जिन्यापर्यंत मी मागे गेले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, येईन हं घरी." ते म्हणाले, "ये."

मी लीड झाले. 'तयार'चा रकाना दुसऱ्याच आठवड्यात काढला गेला. खांबावरचा कागद कुणी काढला मला माहीत नाही, मी नाही काढला, एवढंच. मागण्या येतात, आम्ही पुऱ्या करतो, फळ्यावरचा आकडा वाढतो. आमच्यातला एक पोरगा परवा म्हणाला, "मॅडम, हे वाचतं कोण?" मी त्याला म्हटलं, तू काम कर.

घरी मात्र मी गेले नाही. अकरा महिने. गणपतीत ताप आल्याचं सांगितलं. त्या अकरा महिन्यांत माझा सगळा आधार त्या एका हिरव्या टिकवर होता. नवऱ्यालाही तेच सांगितलं. अरे, त्यांनी स्वतः वाचून सोडलं होतं. त्यांना चालत होतं, म्हणून तर मी केलं. रोज सांगत होते, त्याला आणि मलाही. तो बिचारा हो म्हणायचा.

मग काकूंचा फोन आला. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. "येऊन जा ने एकदा. तुझ्याशी बोलले तर बोलले."

रविवारी सकाळी गेले. काका झोपाळ्यावर बसले होते. बनियन, दाढीची पांढरी खुंटं वाढलेली, पाय जमिनीला टेकलेले. मला बघून हसले. ओळखीचंच हसले. "ये," म्हणाले आणि थांबले. पूर्वी मी चप्पल काढेपर्यंत तीन प्रश्न व्हायचे. रिक्षा कुठून केली, किती मागितलेन, तरसालीचा तो रस्ता झाला का.

काकू आतून गोळी आणि पाणी घेऊन आल्या. "अहो, डॉक्टरांनी गोळी बदललीये. ही नवीन." काकांनी हात पुढे केला, गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले. बस. कुठली गोळी, का बदलली, सोसली नाही तर काय, काही नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला काही बोलावं लागू नये म्हणून लगेच आत गेल्या. हा माणूस एका बेअरिंगसाठी फिटरला ताटकळत ठेवायचा.

मी समोरच्या वेताच्या मोड्यावर बसले.

"काका, तो रिपोर्ट मी काढला होता. साहेबांनी सांगितला आणि मी काढला. मी विचारलं नाही त्यांना, काय करणार म्हणून. मला लीड व्हायचं होतं."

"माहीत आहे," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मागणीवर तुझं नाव होतं."

"चुकलं माझं. खूप चुकलं, काका." मी रडत होते, नाक ओढत होते, सगळी शोभा. आणि त्यातही मला तेवढंच हवं होतं, ते एक वाक्य, जे घेऊन मी घरी जाऊ शकले असते. निर्लज्जासारखी मी ते मागितलं. "पण तुम्ही टिक केली होतीत ना? मी माहितीसाठी लिहिलं होतं. लागू नाही लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलं होतंत ना, काका? वाचूनच टिक केली होतीत ना?"

काकांनी झोपाळा पायानं धरला. माझं काय करावं ते त्यांना कळत नसावं.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझं होतं ना. मी उघडलंच नाही."